हाड काही भोपळा नाही

नगमाच्या हातावरचा पट्टा रोज सकाळी सैल झालेला असायचा. रात्री झोपण्यापूर्वी अब्बा तो नीट बसलाय की नाही हे अंगठ्यानं दाबून बघत, आणि सकाळी पाहावं तर पट्टा आणि मनगट यांच्यात करंगळी सहज शिरेल एवढी जागा! पट्ट्याला कुणी हात लावलेला नसायचा. नगमा झोपेत हातपाय झाडणारी मुलगी नव्हती. घरात मांजरसुद्धा नव्हतं, त्यामुळे आळ घ्यायलाही कुणी उरलं नव्हतं.

"हा पट्टा बिघडलाय," अखेर अब्बांनी निकाल दिला. "बांधलेली वस्तू आपोआप सुटत असेल, तर त्याला बांधणं म्हणायचं का?"

नगमानं मान डोलावली. अब्बांना बांधाबांधीतलं कळत नाही असं म्हणण्याची अख्ख्या मिरजेत कुणाची टाप नव्हती.

दस्तगीरभाई, म्हणजे नगमाचे अब्बा, तंबोरे बनवत. ही गोष्ट तुम्ही मोठे व्हाल त्या काळातली आहे. चहा उकळेपर्यंत अख्खा तंबोरा छापून देणारी यंत्रं तेव्हा बाजारात आलेली होती. पण ते छापील तंबोरे सगळे एकाच आवाजात बोलत. त्यामुळे गाणारी माणसं अजूनही मिरजेला येत, अब्बांच्या कारखान्यात मांडी घालून बसत आणि आपल्या गळ्याला जुळेल असा तंबोरा मागत. कारखाना म्हणजे काय, तर एक लांबट खोली. तिच्या माळ्यावर वाळलेले भोपळे टांगलेले होते आणि खाली लाकडाचा भुस्सा पसरलेला असायचा.

त्याच माळ्यावरून नगमा पडली होती. शिडीवरून भोपळा उतरवताना तिचा पाय सटकला. दुसरं कुणी असतं तर भोपळा सोडून देऊन शिडी धरली असती. पण तंबोरेवाल्याची मुलगी भोपळा कसा सोडणार? तिनं तो पोटाशी धरला आणि उजव्या हातावर आपटली. भोपळ्याला ओरखडासुद्धा आला नाही. नगमाचं मात्र कोपर आणि मनगट यांच्यामधलं, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडलं.

दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी मोडलेल्या हाडाला धातूची एक छोटी पट्टी बसवली. काही आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला आणि मग हा पट्टा आला. नगमाच्या हाताचं माप घेऊन यंत्रानं तो तिच्यासमोरच घडवला होता. निळसर, जाळीदार, वजनाला हलका. तळहातापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत तो हाताला धरून ठेवायचा. त्याच्या आत संवेदक (दाब, उष्णता, हालचाल ओळखणारी बारीक यंत्रं) बसवलेले होते. पट्टा देताना दवाखान्यातल्या ताईंनी बरंच काही समजावून सांगितलं होतं. पण नगमा तेव्हा प्लास्टरमधून सुटलेल्या आपल्या पांढुरक्या, काडीसारख्या हाताकडे बघत होती, आणि अब्बा पट्ट्याच्या बंदांची शिवण तपासत होते. दोघांच्याही कानांवरून ते सगळं वाहून गेलं.

तर पट्टा बिघडला, हे ठरलं. मग अब्बांनी त्यांना येत होतं ते केलं.

तंबोऱ्याचा भोपळा आणि त्याचा लाकडी गळा सरसानं जोडतात. सरस लावला की त्या सांध्यावर दोरी करकचून आवळतात आणि सरस पुरता वाळेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नसतो. दोरी जरा ढिली झाली की सांधा कच्चा राहतो आणि तंबोरा जन्मभर कुरकुरतो. या कारखान्यात एक नेमच होता. ज्यानं गाठ मारली त्यानंच ती सोडायची. दुसऱ्या कुणी सोडली आणि सांधा उकलला, तर दोष कुणाचा यावरून पूर्वी भावाभावांत भांडणं झाली होती म्हणे.

अब्बांनी पट्ट्यावरून तीच सुती दोरी गुंडाळली, वेढ्याला वेढा लावून. शेवटी त्यांची ती खास गाठ मारली. "आता होऊ दे सैल," ते पट्ट्याला म्हणाले.

नगमाला खूप बरं वाटलं. पण फक्त पहिला दिवस.

मग हात ठणकायला लागला. आधी मनगट, मग कोपरापर्यंतचा सगळा हात. बोटं फुगली. मूठ वळेना. बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या आणि जात नसत. अम्मीनं विचारलं तर नगमा म्हणायची, "थोडंसं." अब्बा म्हणायचे, "सांधा धरताना आवळतोच, बाळा. दुखतंय म्हणजे बसतंय."

खरं सांगायचं तर नगमा मनातून फार घाबरली होती. पुढच्या महिन्यात एका छोट्या तंबोऱ्याची जवारी तिनं लावायची, असं अब्बांनी कबूल केलं होतं. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. त्या घोडीचा माथा कानशीनं इतका बारीक घासायचा, की तार तिच्यावर जेमतेम चाटत जावी आणि आवाजाला गुंजन यावं. यालाच जवारी लावणं म्हणतात. हे काम ताकदीचं नाही, मनगटाचं आहे. मनगट वळलं पाहिजे, कललं पाहिजे आणि कानशीचा भार फुलासारखा ठेवता आला पाहिजे. नगमाच्या वयाच्या कुणालाही अब्बांनी आजवर घोडीला हात लावू दिला नव्हता. आणि आता तिला साधी पेन्सिल धरता येत नव्हती. हात असाच राहिला तर? हा प्रश्न ती कुणालाच विचारत नव्हती, कारण विचारला तर उत्तर मिळेल अशी तिला भीती वाटायची.

उत्तर स्वतःच्या चाकांवर चालत आलं. अब्बा एका गवयाकडे तंबोरा पोचवायला गेले होते, अम्मी शाळेत शिकवायला गेली होती, आणि दारात स्टुलाएवढा एक यंत्रमानव उभा राहिला. पोटावर दवाखान्याची खूण, दोन मऊ रबरी हात आणि अगदी अदबशीर आवाज.

"मी टेकू," तो म्हणाला. "तुझ्या पट्ट्यानं मला बोलावलंय. तो गेल्या काही रात्री कुरकुरत होता, आणि कालपासून तर सारखा सांगतोय की त्याला कुणीतरी बांधून घातलंय."

त्यानं नगमाचा हात उचलला आणि दोरीचे वेढे निरखले. "मला राग येत नाही," तो म्हणाला. "पण येत असता, तर आत्ता आला असता."

त्यानं तिच्या बोटाचं नख हलकेच दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख लगेच गुलाबी व्हायला हवं होतं. ते सावकाश, कंटाळत गुलाबी झालं. "रक्त नीट पोचत नाहीये. ही दोरी काढावी लागेल. लगेच." त्याच्या हातातून एक छोटी कात्री बाहेर आली.

नगमानं हात झटकन मागे घेतला. कळ अशी गेली की डोळ्यांत पाणी आलं. "नको! अब्बांची गाठ आहे. अब्बाच सोडतील."

"पण का?"

"आमच्यात तसंच असतं."

टेकूला हे उत्तर कुठल्या खान्यात ठेवावं ते कळलं नसावं. तो अजून विचारच करत होता तेवढ्यात अब्बा दारात आले. लेकीच्या डोळ्यांत पाणी आणि समोर कात्री घेतलेलं यंत्र, हे दृश्य पाहून त्यांचं पित्त खवळलं.

"हात लावू नकोस तिला!" ते गरजले. "आधी तुमचा पट्टा धड करा. रोज सैल पडतोय तो. माझ्या अब्बांचा हात असाच सैल बांधला होता एका हाडवैद्यानं. हाड वाकडं बसलं. परत कधी जवारी लावता आली नाही त्यांना. कारखान्याच्या कोपऱ्यात बसून दुसऱ्यांच्या चुका ऐकत राहिले जन्मभर. माझ्या लेकीचं मी तसं होऊ देणार नाही."

नगमाला हे ठाऊक नव्हतं. आजोबा कोपऱ्यात का बसत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

टेकूनं कात्री आत घेतली. "दस्तगीरभाई, गाठ तुमची आहे, तुम्हीच सोडा," तो शांतपणे म्हणाला. "पण आत्ता सोडा. तिच्या बोटांकडे एकदा बघा."

अब्बांनी बघितलं. रोज बघत होते, पण दोरीकडे बघत होते. आज त्यांनी बोटं बघितली. फुगलेली, चकचकीत, निळसर झाक आलेली. ते खाली बसले आणि गाठ सोडायला लागले. आयुष्यात हजारो गाठी सोडलेल्या त्या हातांना ही एक गाठ पटकन सुटेना. दोरी निघाली, टेकूनं पट्टाही काढला. नगमाच्या गोऱ्या हातावर पट्ट्याच्या जाळीचे वळ उमटलेले होते, खोल आणि लाल. अब्बा त्या वळांवरून अंगठा फिरवत राहिले. त्यांना लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. "मी काय करून बसलो?" ते पुटपुटले.

टेकूनं नगमाचा हात उशीवर उंच ठेवायला सांगितला. तो पुन्हा पुन्हा नख दाबून बघत होता. हळूहळू बोटांची निळसर झाक गेली आणि मुंग्या ओसरल्या. "वेळेवर सुटली," तो म्हणाला. "आज हात उंचच ठेवायचा. आणि पुन्हा कधी मुंग्या आल्या, बोटं फुगली किंवा रंग बदलला, तर गप्प बसायचं नाही. त्याच क्षणी सांगायचं."

मग त्यानं विचारलं, "आता मला एक सांगा, सरस वाळतो म्हणजे काय होतं?"

"त्यातलं पाणी उडून जातं," अब्बा म्हणाले. "तो घट्ट होतो. मेल्यासारखा पडून राहतो."

"बरोबर. म्हणून त्याला हलवायचं नसतं. आता हे बघा."

टेकूच्या पोटातून भिंतीवर उजेड पडला. त्यानं नगमाच्या चांगल्या, डाव्या हातावर आपला मऊ पंजा टेकवला. त्या पंज्यातून ध्वनिलहरी (कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लाटा) हातात शिरत होत्या आणि आतल्या भागांवर आपटून परत येत होत्या. परत आलेल्या लाटांवरून भिंतीवर चित्र उमटलं. नगमाला स्वतःच्या हाताचं आतलं दृश्य दिसत होतं!

"बोटं वळव."

तिनं बोटं वळवली. चित्रातल्या लांब चमकदार दोऱ्या सुळकन सरकल्या. बोटं उघडली, तशा परत आल्या.

"या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या). स्नायू तुझ्या कोपराजवळ आहेत आणि बोटं तिकडे लांब. तेवढ्या अंतरावरून या दोऱ्या बोटांना ओढतात. त्या नळीसारख्या वाटेतून ये-जा करतात. आता उजवा हात."

उजव्या हाताच्या दोऱ्या हलल्या, थोड्याशा, आणि अडखळल्या.

"अडकल्या!" नगमा म्हणाली.

"जखम भरताना शरीर तिथं नवा चिकट धागा विणतं. हालचाल नसेल तर तो धागा दिसेल त्याला चिकटतो, कंडरेलाही. मग दोरी सरकत नाही, बोट वळत नाही आणि वळवायला गेलं की दुखतं."

"आणि हाड?" अब्बांनी विचारलं. "हाड तर घट्टच पाहिजे की."

"हाड काही भोपळा नाही, दस्तगीरभाई. ते जिवंत असतं. त्याच्यात काही पेशी (शरीराचे अगदी सूक्ष्म घटक) नवं हाड रचतात आणि काही जुनं हाड पोखरून काढतात. रचणाऱ्या पेशी कुठं जास्त काम करतात, माहीत आहे? जिथं बेताचा भार पडतो तिथं. भारच पडला नाही, तर त्यांना वाटतं की इथं कुणाला आपली गरज नाही. हाड जागेवर धरायला आत धातूची पट्टी आहे. तुमच्या अब्बांच्या हातात ती नव्हती, म्हणून तो हात सैल राहिला ते वाईटच झालं. तुमची भीती खोटी नव्हती. पण हा हात वेगळा आहे."

अब्बा थोडे पुढे सरकले. ते भिंतीवरच्या चित्राकडे बघत होते.

नगमाचं डोकं मात्र भराभर चालत होतं. "मग पट्टा हवाच कशाला?" तिनं विचारलं. "टाकूनच देते."

"एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला!" टेकू म्हणाला. "समोरची पाण्याची बाटली उचलायला गेलीस तर काय होईल?"

"मनगट दुखेल."

"कारण इतके दिवस काम न केल्यानं स्नायू रोडावलेत. मनगट सावरून धरणं त्यांना अजून झेपत नाही. पट्टा ते काम वाटून घेतो. शाळेच्या गर्दीत धक्का बसला तर तो स्वतःवर झेलतो. झोपेत हात वेडावाकडा होऊ देत नाही. व्यायामाच्या वेळी मात्र त्याला उतरवून बाजूला ठेवायचं. दवाखान्यातल्या ताईंनी हे सांगितलं होतं."

बापलेकीनं एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही जीभ चावली.

"आणि सैल पडणं?" नगमानं विचारलं.

"दिवसभर तुझ्या हातानं किती भार पेलला ते पट्टा मोजतो. जेवढा पेलला असेल, तेवढा आधार तो दुसऱ्या दिवशी कमी करतो. सूज आली तर तिलाही जागा करून देतो. तो रोज रात्री स्वतःला थोडा सैल करत होता, कारण तुझा हात सुधारत होता."

नगमाला हे ऐकून हसावं की रडावं ते कळेना. पट्टा रोज सकाळी चांगली बातमी देत होता आणि त्यांनी त्यालाच जेरबंद केलं होतं!

जाण्यापूर्वी टेकूनं तिला दोन प्रकारची दुखणी ओळखायला शिकवलं. एक 'हळू' म्हणणारं. ते ताणल्यासारखं असतं, व्यायाम थांबवला की थोड्या वेळात विरून जातं. त्याला घाबरायचं नाही. दुसरं 'थांब' म्हणणारं. ते सुरीसारखं असतं, किंवा थांबल्यावरही ठणकत राहतं. त्याचं मात्र ऐकायचं. "हे ओळखणं मला जमत नाही," टेकू म्हणाला. "मला दुखतच नाही. ते तुलाच करावं लागेल."

नगमा रोज पट्टा उतरवून कोमट पाण्यात हात बुडवायची, मग मनगट वर-खाली करायची, तळहात आभाळाकडे आणि जमिनीकडे वळवायची, एकेक बोट दुमडायची. आधी आभाळाकडचा तळहात अर्ध्या वाटेतच अडायचा. अब्बा समोर बसून आपला हातही तसाच वळवत, जणू त्यानं तिचा हात वळणार होता.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एके दिवशी हात अगदी बरा वाटला म्हणून पट्टा न घालता तिनं बादली उचलली, आणि 'थांब' म्हणणारं दुखणं काय असतं ते तिला पुरतं समजलं. ती रडली. सगळं पुन्हा बिघडलं असं तिला वाटलं. टेकूनं येऊन हात तपासला. हाड जागेवर होतं, स्नायू तेवढा दुखावला होता. त्या रात्री पट्टा सैल व्हायच्या ऐवजी स्वतःहून थोडा आवळला आणि पुढचे काही दिवस तसाच राहिला.

"बघितलंत?" नगमा अब्बांना म्हणाली. "त्याला आवळताही येतं."

"शहाणा आहे," अब्बांनी कबूल केलं. स्वतःच्या हाताबाहेरच्या कामाला ते असं कधी म्हणत नसत.

हात तपासायला आला त्या दिवशी टेकूनं जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली होती. तिचा पट्टा जे शिकतोय, केव्हा सैल व्हायचं, केव्हा आवळायचं, ते पुढच्या मुलांच्या पट्ट्यांनाही कळणार होतं. कुणी सांगावं, आणखी काही वर्षांनी असा पट्टा मोज्याइतका पातळ होईल आणि हात मोडलेली मुलं तो घालून पोहतीलसुद्धा. तिच्या हातानं सोसलेलं दुसऱ्या हाताच्या उपयोगी पडणार होतं. नगमाला ते फार आवडलं.

ठरलेला महिना उलटून गेला होता, तरी अब्बांनी तो छोटा तंबोरा कुणाला दिला नव्हता. एका दुपारी त्यांनी तो खाली काढला आणि कानस नगमाच्या समोर ठेवली.

तंबोरा मांडीवर ओढून घेताना तिनं पट्टा घातला होता, कारण ते वजनाचं काम होतं. मग तिनं पट्टा उतरवला. हात अजून डाव्या हातापेक्षा बारीक होता, पण तो तिचा हात होता. तिनं तारा सैल करून बाजूला सारल्या, कानस धरली आणि घोडीच्या माथ्यावरून ती हलकेच सरकवली. मनगट कललं. जिथं कलायचं तिथंच, पण थरथरत. मनगटात ताण आला. हळू, असं ते म्हणत होतं. तिनं हात मांडीवर ठेवला, ताण विरेपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा कानस उचलली.

अब्बा समोर बसले होते. कानस थरथरली की त्यांचा हात नकळत पुढे यायचा, लेकीचं मनगट धरायला. तो तिच्या मनगटाच्या अगदी जवळ यायचा, थांबायचा आणि परत त्यांच्या मांडीवर जायचा. नगमाला ते दिसत होतं. हात मागे घेणं त्यांना किती जड जातंय तेही तिला दिसत होतं.

बऱ्याच वेळानं तिनं तार चढवली, घोडीवर तारेखाली गुंजन खुलवणारं सूत सरकवलं आणि तार छेडली. आवाज आला. किंचित खरखरीत, मधूनच दबणारा. पण त्या खरखरीच्या आत, अगदी तळाशी, गुंजनाचा एक बारीक धागा होता.

अब्बांनी डोळे मिटून तो विरेपर्यंत ऐकला.

"उजव्या अंगाला अजून थोडं घासायला हवं," ते म्हणाले. "मी घासू?"

"नको," नगमा म्हणाली. "आज हात दमलाय. उद्या मीच घासते."

"बरं," अब्बा म्हणाले, आणि पट्टा उचलून त्यांनी तिच्या हातात दिला, तिचा तिलाच बांधायला.